राहीबाईंचा पाण्याचा नेम

सांजसोबत ज्येष्ठ निवास,
माधवनगर रस्ता, सांगली
४ मार्च २०२५

श्री. लालासाहेब फडतरे यांना,

सप्रेम वगैरे लिहीत नाही. आपली ओळख नाही आणि मी चिडलेली आहे. मी शकुंतला बर्वे, तुमच्या आईंची खोलीतली सोबतीण. मला अगदीच कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन माझ्या उपयोगाचा नाही. कार्यालयात तुमचा नंबर मागितला तर 'नातेवाइकांना उगीच त्रास नको' असं पाटीवर लिहून दाखवलं. तुमचा पत्ता मात्र राहीबाईंच्या कॉटखाली असलेल्या तुमच्या फौजी ट्रंकेवर, सुभेदार या हुद्द्यासकट, पांढऱ्या रंगात रंगवलेला आहे. त्यावरून हे लिहिते आहे.

काल तुमच्या आईंना खालच्या खोलीत हलवलं. शनिवारपर्यंत त्या ठणठणीत होत्या. विताना अडलेली शेळी कशी सोडवायची ते मला हातवारे करून सांगत होत्या. रविवारी सकाळी त्यांनी मला ओळखलं नाही. "आवं, म्हशी सोडा, बांधावर पानी आलंय," असं ओरडत उठल्या आणि भिंतीशी भांडायला लागल्या. व्यवस्थापक धैर्यशीलराव आले, बघितलं आणि म्हणाले, वय झालं, भ्रम झाला. झालं निदान! काल मी खाली जाऊन आले. हात पट्टीने कॉटला बांधलेत आणि लघवीला नळी घातली आहे. खालच्या खोलीत गेलेल्या प्रत्येकीला नळी घालतात. उठवायला नको, न्यायला नको, चादर बदलायला नको. गेल्या वर्षी वाईच्या मधुताई अशाच खाली गेल्या, त्या परत वर आल्या नाहीत. 'वार्धक्याने' असं लिहून त्यांचा फोटो दिवाणखान्यात लावला आहे.

लालासाहेब, वय शनिवार ते रविवारात होत नाही. त्यांची लघवी तपासून घ्या. मी हे पुस्तकातलं सांगत नाही. मागे मला हेच झालं होतं. आमचे हे, जाऊन कितीतरी वर्षं झाली, खिडकीत बसून दाढी करताना मला दिसायचे. पुतण्या निमिष नेमका भेटायला आला, त्याने डॉक्टरकडे नेलं, लघवीच्या मार्गातला संसर्ग निघाला. औषध सुरू झालं आणि हे अर्धी दाढी टाकून निघून गेले. या वयात ताप येईलच असं नाही, जळजळतंय हे सांगायची शुद्धही राहत नाही.

का होतं तेही ऐका. रात्री सगळ्या मजल्याला एकच मावशी. घंटा वाजवली की ती येते, पण तोंडाचा पट्टा सुरू ठेवून येते. पुन्हा वाजवली की डायपर. संध्याकाळी बांधलेला डायपर सकाळच्या चहानंतर सुटतो. ओल्यात पडून राहण्यापेक्षा तहान बरी, म्हणून आमच्यातल्या बहुतेक जणी दिवेलागणीनंतर पाण्याला शिवत नाहीत. त्यात तुमच्या आई पहिल्या.

या घरात मला एकच आवाज नीट ऐकू येतो, रानात हाका मारून कमावलेला तुमच्या आईंचा. ताबडतोब निघा.

शकुंतला बर्वे

•

सातारा
८ मार्च २०२५

आदरणीय शकुंतलाबाई,

नमस्कार. आपले पत्र मिळाले. आईबद्दल आपल्याला माया आहे हे पाहून बरे वाटले. मी लगेच धैर्यशीलरावांना फोन लावला. ते म्हणाले की ताप नाही, डॉक्टर येऊन बघून गेले आणि हा भ्रम वयाचा आहे. हात बांधले ते पडू नये म्हणून. आम्ही फौजेत ज्याची ड्यूटी त्याच्यावर विश्वास टाकायला शिकलो. प्रत्येकाने डॉक्टर व्हायचे ठरवले तर पलटण चालायची कशी?

एक गैरसमज मात्र दूर करतो. आई दिवेलागणीनंतर पाणी पीत नाही ते मावशीच्या भीतीने नव्हे. तो तिचा नेम आहे. माझा मुलगा यशराज सैन्यभरतीची तयारी करत होता तेव्हा तिने तो धरला. आम्ही नुकतेच साताऱ्यातल्या नव्या घरी राहायला आलो होतो. मी एकदा रात्री तांब्या भरून नेऊन दिला तर म्हणाली, "न्हाई रं, नेम हाय माजा, पोराच्या भरतीचा." वडूजला आमच्या भावकीत आजही सांगतात की नातवासाठी आजीने पाणी सोडले. आपल्यासारख्या शिकलेल्या बाईंनी तिच्या श्रद्धेला भीतीचे नाव देऊ नये, ही विनंती.

आणि निवासात जायचा हट्टही तिचाच होता. गावाकडची एक बाई तिथे होती, तिला भेटून आली आणि म्हणाली, मला तितंच ठेव. आम्हाला वाटले, बायकांत मन रमेल, भजन होईल. वर्धापनदिनाला तिला 'शांत निवासी' म्हणून शाल मिळाली. तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावला आहे.

महिनाअखेरीस येतोच आहे.

आपला,
सुभेदार (निवृत्त) लालासाहेब फडतरे

•

सांगली
११ मार्च २०२५

लालासाहेब,

मी तुम्हाला निघा म्हणून लिहिलं आणि तुम्ही पत्र लिहीत बसलात! महिनाअखेरीस कशाला येता? तेव्हा फोटोला हार घेऊन या म्हणजे झालं.

त्या शालीची गोष्ट सांगते. 'शांत निवासी' म्हणजे वर्षभरात रात्रीची घंटा वाजवली नाही ती. टाळ्या वाजवून, नारळ देऊन त्यांनी तुमच्या आईंना तहानलेलं राहायचं बक्षीस दिलं आणि तुम्ही ते भिंतीवर टांगलंत. त्या दिवसापासून बाकीच्या जणीही घंटेला हात लावेनाशा झाल्या. एकीने तर संध्याकाळचा चहा सोडला, पुढच्या वर्षी शाल आपल्याला मिळावी म्हणून. सत्तरी-पंचाहत्तरीच्या बायका, आयुष्यभर संसार ओढलेल्या, लघवी कोण जास्त वेळ दाबून धरतं याची शर्यत लावून बसल्यात. आणि धैर्यशीलराव पाहुण्यांना सांगतात, आमच्याकडे किती शांतता आहे बघा.

मावशीवर माझा राग नाही. एकटी बाई सगळा मजला ओढते, तिचीही कंबर माणसाचीच आहे. दुसरी बाई ठेवायला नको म्हणून जे आमचं पाणी तोडतात त्यांच्यावर माझा राग आहे.

आता तुमच्या नेमाचं. नेमाधर्मातलं मलाही कळतं, चांगल्या घरात वाढले आहे. यशराज भरती झाला त्याला आता किती दिवस झाले? त्याचा वर्दीतला फोटो राहीबाईंनी मला कितीदा दाखवलाय. पेढे वाटलेत, खंडोबाला जाऊन आलात. मागितलेलं मिळालं की नेम सुटतो ना? उद्यापन करतात ना? मग तुमच्या आईंचा का सुटला नाही? हा प्रश्न तुमच्या घरात एकालाही पडला नाही?

काल खाली गेले तेव्हा त्यांनी डोळे उघडले नाहीत. नळीच्या पिशवीतलं पाणी गढूळ आहे, त्यात लाल दिसतं. मी मावशीला दाखवलं, तिने व्यवस्थापकांना सांगितलं, ते म्हणाले उद्या बघू. हे पत्र भाजीवाल्या तानाजीच्या हातात देते आहे. तो आज त्याच्या टेम्पोने साताऱ्याच्या बाजारात येतो आहे, तुमच्या दारात आणून देईल. वाचून झालं की उत्तर लिहू नका.

शकुंतला बर्वे

•

सांगली, इस्पितळातून
१४ मार्च २०२५

शकुंतलाबाई,

हे इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितो आहे. आपल्याला ऐकू जात नाही, नाहीतर समोर येऊन माफी मागितली असती.

तानाजी पत्र घेऊन आला तसा मी अंगावरच्या कपड्यांवर निघालो. धैर्यशीलराव म्हणाले, हलवायचे तर जबाबदारी तुमची. मी म्हणालो, जबाबदारी माझीच होती, तुमच्यावर टाकली हीच चूक झाली. आईला उचलले तेव्हा पोरीसारखी हलकी लागली. मनगटांवर पट्ट्यांचे वळ होते.

डॉक्टर भार्गवी म्हणून तरुण बाई आहेत. लघवी तपासली, रक्त तपासले. संसर्ग रक्तात उतरायला लागला होता. त्यांनी मला उभे करून सुनावले, तसे मला आमच्या कमांडिंग ऑफिसरनेही कधी सुनावले नव्हते. "ही नळी कुणी घातली? लघवी तुंबली होती का? नाही ना? मग माणूस कमी म्हणून नळी? नळीतूनच जंतू आत जातात!" नळी काढली. सलाइन आणि औषध सुरू केले. दोन दिवस आईने मला 'सायेब' म्हणून हाक मारली. आज पहाटे ओळखले. ओळखल्यावर पहिले काय म्हणाली ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "लालासाब, चादर वली केली न्हाई न्हवं म्या?"

मरता मरता वाचलेल्या माझ्या आईला चादरीची काळजी, बाई!

डॉक्टरीणबाईंनी मला आईचे सगळे समजावून सांगितले. मी खाली मान घालून ऐकले, कारण असले बोलणे मी आयुष्यात ऐकले नव्हते. पाणी दिवसभर थोडे थोडे द्यायचे. मागायची वाट बघायची नाही, समोर धरायचे. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल त्यांनी मात्र डॉक्टरला विचारून प्यावे. ठरावीक वेळाने स्वतःहून संडासला न्यायचे. चालता येणाऱ्याला डायपर बांधायचाच नाही, आणि बांधला तर ओला होताच बदलायचा. धुताना पुसताना हात पुढून मागे. पोट साफ राहायला हवे. नुसता वास आला म्हणून गोळ्या चारायच्या नाहीत, पण माणूस एकाएकी बरळायला लागला तर वयावर ढकलायचे नाही, डॉक्टरला दाखवायचे.

यात कठीण काय आहे? एवढ्यासाठी मधुताई गेल्या?

आईला साताऱ्याला नेणार आहे. पण नाव काढले की ती भिंतीकडे तोंड करते आणि "न्हाई" म्हणते. आपले ती ऐकेल. आपण तिला सांगावे.

आपला,
लालासाहेब

•

सांगली
२५ मार्च २०२५

लालासाहेब,

तुमच्या आई काल स्वतःच्या हट्टाने इथे वरच्या खोलीत परत आल्या. आल्या आल्या माझ्या कॉटवरची चादर कशी चुकीची घातली आहे ते मला मोठ्याने सांगितलं. म्हणजे आता काळजी नाही.

इथे काय झालं ते ऐका. तुम्ही लिहिलेली डॉक्टरीणबाईंची सगळी वाक्यं मी मोठ्या अक्षरांत उतरवून जेवणघराच्या भिंतीवर डकवली. धैर्यशीलरावांनी ती काढली. मी पुन्हा डकवली. मग त्यांनी मला कार्यालयात बोलावून पाटीवर लिहून दाखवलं की लघवी हा शब्द जेवणघरात शोभत नाही. मी त्यांच्याच पाटीवर लिहिलं, 'मधुताईंचा फोटो तुमच्या दिवाणखान्यात शोभतो का?' त्यांनी निमिषला फोन करून 'काकूंना घेऊन जा, शिस्त बिघडवतात,' असं सांगितलं. निमिष म्हणाला, काकू काय म्हणतात ते आधी करा, नाहीतर मी वकील घेऊन येतो. पुतण्या माझ्यावर गेला आहे.

परवा संध्याकाळी दिवे लागल्यावर आम्ही सगळ्या जणी जेवणघरात बसलो आणि एकेक भांडं भरून पाणी प्यायलो. दोघींना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी घोटभरच घेतलं. आणि मग वेळ आली तशा घंटा वाजवायला लागलो. मावशी एका खोलीतून दुसरीत धावत होती. शेवटी ती स्वतःच कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, दुसरी बाई द्या नाहीतर मी चालले. दुसरी बाई आली आहे. सध्या एक महिन्यासाठी म्हणतात. खालच्या खोलीत अजून दोघींना नळ्या आहेतच आणि त्यांच्या घरचे फोन उचलत नाहीत. तेव्हा फार हुरळून जाऊ नका, मीही गेलेली नाही.

आता तुमची विनंती. मी तुमच्या आईंना साताऱ्याला जा म्हणून सांगणार नाही. नेम का सुटला नाही, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. मला ते ठाऊक आहे. आजारातून उठल्यावर त्यांनी सांगितलं. पण मी ते तुम्हाला आयतं लिहून देणार नाही. घरी जा. आई तुमच्या हॉलमध्ये जिथे निजायच्या त्या दिवाणावर दुपारी पोटभर पाणी पिऊन आडवे व्हा. उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

शकुंतला बर्वे

•

सातारा
२ एप्रिल २०२५

शकुंतलाबाई,

आपला हुकूम पाळला.

आमचे घर नवे आहे. मीच उभे राहून बांधून घेतले. संडास-बाथरूम आमच्या झोपायच्या खोलीला लागून, आतल्या बाजूला. दुसरे गच्चीवर, लोखंडी गोल जिन्याने वर गेल्यावर. तेव्हा सगळे म्हणाले, काय शहरासारखे घर बांधलेस!

दुपारी जेवून, तांब्याभर पाणी पिऊन आईच्या दिवाणावर पडलो. क्रांती, म्हणजे माझी पत्नी, आत कडी लावून निजली होती. थोड्या वेळाने मला जायची गरज लागली. उठलो, दाराशी गेलो आणि हात वर करून तसाच उभा राहिलो. ती दिवसभर राबून आत्ता कुठे पडली आहे, उठवायचे कसे? शिवाय काय सांगून उठवायचे? जिन्याकडे बघितले. माझ्यासारख्या धडधाकट माणसाला तो जिना एक हात कठड्याला धरल्याशिवाय चढवत नाही. परत येऊन दिवाणावर बसलो. माझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोचे दार वाजवायची मला लाज वाटली. सीमेवर असताना कशाची लाज वाटली नव्हती.

तेवढ्यात समोर भिंतीवर त्या शालीचा फोटो दिसला. तो काढून टाकला.

आई निवासात राहायचे का म्हणाली तेही आता कळले. तिथला संडास व्हरांड्यात आहे, कुणाच्या खोलीतून जावे लागत नाही. तिला भजन नको होते. आणि तिथेही आम्ही लोकांनी तिला घंटा वाजवायला लाज वाटेल अशी व्यवस्था केली.

गवंडी उद्या येतो आहे. आईच्या दिवाणाशेजारची भिंत फोडून तिच्यासाठी स्वतंत्र संडास बांधतो. धरायला कठडा, खाली न घसरणारी फरशी, दिवा. पूर्ण झाले की न्यायला येतो. तिला वाचून दाखवा आणि काय म्हणते ते कळवा.

आपला,
लालासाहेब

•

सांगली
७ एप्रिल २०२५

(लिहिणारी शकुंतला बर्वे. बोलणं राहीबाईंचं आहे, मी त्यातलं काही सुधारलेलं नाही.)

लालासाब,

बाईंनी तुजं पत्र वाचून दावलं. एका दुपारात तुला घाम फुटला व्हय रं? म्या तीन वरसं काडली त्या दिवानावर.

नेम देवाचा न्हवता. यशराजच्या भरतीचं नाव म्होरं केलं, म्हंजी कुनी इचारनार न्हाई. पोरगं भरती झालं तवा मला वाटलं, आता कुनीतरी म्हनंल, आई, नेम सोड, पानी पी. पेढं वाटलंसा, फोटू काडलंसा. कुनी म्हनलं न्हाई. मंग मीच कशी म्हनू? सांगायचं काय, की मला रातच्याला जावं लागतंय आन् तुज्या दाराला कडी हाय?

तू ल्हान हुतास तवा एका रातीत माजी दोन-दोन लुगडी भिजवायचास. थंडीचं दिस आसायचं. म्या कवा नाक मुरडलं न्हाई, तुला कोरड्यात घ्यायचं आन् आपुन वल्यात निजायचं. आन् मला तुजं दार वाजवायची चोरी. लय राग हाय मला तुजा. जीव हाय म्हनून राग हाय, पन हाय. बाई इचारत्यात ह्ये बी ल्हिऊ का, मी म्हनलं ल्हिवा.

क्रांतीला बोल लावू नगंस. तिनं दार लावलं त्यात तिचं काय चुकलं? नवरा-बायकूनं दार लावायचंच. घराचं दार कुटं, संडास कुटं, ह्ये तू आन् गवंड्यानं ठरीवलं. मला इचारलं न्हाई, तिला बी इचारलं न्हाई.

मी आत्ता येनार न्हाई. हितं रोज सांजच्याला पानी पिती आन् घंटा वाजवती. नवी मावशी बडबडती, बडबडू दे. खालच्या खोलीत दोगी हायत, त्येंच्यापाशी मी दुपारची बसती. त्येंच्या पोरांस्नी बाई पत्रं ल्हिनार हायत, तू त्येंच्या घरी जाऊन उबा ऱ्हा. तुजं आयकतील, मिशा हायत तुला.

संडास बांधतोस म्हनं. बांध. पन माज्यासाटी म्हनून बांधू नगंस, माजं किती दिस ऱ्हायलं? उद्या यशराजची बायकू येईल, आतनं कडी लावंल. क्रांती म्हातारी हुईल, तुज्या त्या दिवानावर निजंल. तवा ती कुनाचं दार वाजवनार हाय, ते तिला बसवून इचार, आन् मंग गवंड्याला भिंत फोडायला सांग.

राहीबाई